मुख्य कोनांक

४ जानेवारी १९९९, जव्हार

ही डायरी कमलेशने दिली. कमलेश म्हणजे आमच्या ज्युनिअर कॉलेजचा क्लार्क. त्याला कुठल्याशा विमा एजंटाकडून तीन मिळाल्या होत्या. "मॅडम, तुम्ही तरी लिहाल," म्हणाला. लिहीन की. तक्रारी भरपूर आहेत माझ्याकडे.

पहिली तक्रार आजचीच. अकरावी सायन्सला संमिश्र संख्या सुरू केल्या. फळ्यावर उणे एकचं वर्गमूळ काढून त्याला 'आय' म्हणायचं असं सांगितलं, तर बेचाळीस जणांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू डोकं माझंच फिरलंय. यातली अर्धी मुलं आश्रमशाळेतून मराठीत दहावी झालेली. इथे आल्यावर पुस्तक इंग्रजी, फळा इंग्रजी, आणि शिकवायला मी, खोडाळ्याची. मॉड्युलस, आर्ग्युमेंट, कॉन्जुगेट हे शब्द ती वहीत अक्षर न चुकता उतरवतात आणि अर्थ विचारला की खाली बघतात.

एकीने मात्र विचारलं. माघी, सूर्यमाळच्या पाड्यावरची. शाळेत उशिरा घातलेली, त्यामुळे वर्गात सगळ्यांत थोराड, एकोणीस वर्षांची. मागच्या बाकावरून म्हणते, "बाई, जी संख्या नाहीच तिला नाव कशाला ठेवायचं?" वर्ग हसला. मीही हसले. पण प्रश्न फालतू नव्हता. बाकी सगळे मला मॅडम म्हणतात, ही अजून बाईच म्हणते.

ठरवलं, संमिश्र संख्यांच्या शब्दांची एक मराठी पुस्तिका काढायची. आठ पानं. प्रत्येक शब्दाचा अर्थ आणि तो कुठे, कसा वापरायचा.


९ जानेवारी

गोवर्धन सरांना पुस्तिकेचं सांगितलं. ते आमचे पर्यवेक्षक, जव्हारच्या बाजारपेठेतल्या जुन्या घरातले, माणूस गोड बोलणारा. म्हणाले, "पुष्पलता मॅडम, सायन्सला मराठीचं ठिगळ लावताय. बारावीचा बोर्डाचा पेपर काय तुम्ही काढणार?" मी म्हटलं, "बोर्डाचा नाही, पण अकरावीचा मीच काढते. तोही दोन्ही भाषांत काढणार आहे." हसले आणि सायक्लोस्टाइलसाठी स्टेन्सिलचा कागद दिला. माझ्याशी वाद घालायचा त्यांना कंटाळा येतो, हे माझ्या पथ्यावर पडतं.

नाशिकला बी.एस्सी.ला होते तेव्हा निकालाच्या फलकासमोर एक मुलगी म्हणाली होती, "तुमचं काय बाई, तुम्हाला पस्तीसला सगळं मिळतं." मला गणितात एक्क्याऐंशी होते आणि तिला बासष्ट. त्या दिवसापासून एक नेम केला: कुणाकडून फुकटचा गुण घ्यायचा नाही आणि कुणाला द्यायचा नाही. आपल्या डोंगरातल्या मुलांना तर मुळीच नाही. त्यांना कुणी दयेवर पास झालेली म्हणू नये.


१८ जानेवारी

आजचा दिवस चांगला गेला. लिहून ठेवते, असे दिवस फार नसतात.

वर्ग मैदानात नेला. झेंड्याचा खांब म्हणजे शून्य. प्रत्येक संमिश्र संख्या म्हणजे मैदानात उभा असलेला एक मुलगा किंवा मुलगी. खांबापासून किती लांब, तो मापांक. हेच ते मॉड्युलस. आणि खांबापाशी पूर्वेला तोंड करून उभं राहायचं आणि त्या संख्येकडे तोंड होईपर्यंत डावीकडे वळायचं, तो कोन म्हणजे कोनांक. हेच ते आर्ग्युमेंट. कोनांक हा शब्द मला जुन्या परिभाषेच्या यादीत सापडला. छान आहे.

गोकुळला खांबापाशी उभं केलं आणि सांगितलं, तुझ्या मागे तिरपी उभी आहे त्या सोमीकडे वळ. तो सरळ उजवीकडून वळला. मी म्हटलं, उजवीकडे वळलं की कोन उणे धरायचा, म्हणजे तुझा कोनांक उणे एकशे वीस. तेवढ्यात माघी म्हणाली, "डावीकडून वळला असता तर दोनशे चाळीस भरले असते. तोंड सोमीकडंच."

"मग कोणता खरा?" मी विचारलं.

"दोन्ही खरे. आमच्या पाड्यावरनं विहिरीला डोंगराच्या ह्या अंगानं जा नायतर त्या अंगानं जा. विहीर काय दुसरी होत नाय."

मला एवढा आनंद झाला की तिथल्या तिथे पुस्तिकेचं तिसरं पान डोक्यात तयार झालं. घरी येऊन लगेच लिहिलं, ते इथेही उतरवते:

'एका संख्येला कोनांक अनेक असतात आणि ते सगळे बरोबर असतात. त्यांपैकी उणे एकशे ऐंशी ते एकशे ऐंशी यांच्यामध्ये येतो त्याला मुख्य कोनांक म्हणतात. प्रश्नात मुख्य कोनांक मागितला असेल तर तोच द्यावा. नुसता कोनांक मागितला असेल तर कोणताही चालेल.'

स्वतःच्या लेखनावर खूश होणं बरं नव्हे. पण आहे मी खूश.


१ फेब्रुवारी

शुक्रवारी पुस्तिका वाटली. बेचाळीस प्रती, हाताला शाई लागलेली अजून निघत नाही. दुसऱ्याच दिवशी सहा प्रती बाकांखाली पडलेल्या. एकीचा भेळेसाठी पुडा झाला. त्या सहा जणांना तासभर उभं ठेवलं.

माघीने तिच्या प्रतीला वर्तमानपत्राचं कव्हर घातलंय.


१९ फेब्रुवारी

माघी बारा दिवस गैरहजर. आज उगवली. विचारलं तर म्हणाली, आई तिकडे भिवंडीजवळ वीटभट्टीवर आजारी पडली, तिला आणायला गेले होते, मग घरचं पाणी भरायला कुणी नव्हतं. सूर्यमाळला फेब्रुवारीतच झरे आटायला लागतात, मला ठाऊक आहे, माझा मामा तिथलाच. तरी मी ऐकवलं, "बारा दिवसांत त्रिकोणमिती निम्मी झाली. ती पाणी भरून येणार नाही." ती हो म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली.

डोकं आहे, पण टिकून बसत नाही. अशा मुलींचं वाईट वाटतं आणि रागही येतो. मीसुद्धा हंडे वाहिलेत.


२४ मार्च

वार्षिक परीक्षेचा गणिताचा पेपर काढला. दोन्ही भाषांत, ठरल्याप्रमाणे. स्टेन्सिल कापताना अक्षर अक्षर जपावं लागतं. एक बिघडलं की कागद वाया. चौथ्या प्रश्नाचा ब भाग संमिश्र संख्यांवर: उणे एक, उणे रूट तीन आय. 'या संख्येचा मापांक व कोनांक काढा.' चार गुण, दोन-दोन. उत्तर: मापांक दोन, कोनांक उणे एकशे वीस. उत्तरसूचीही आजच लिहून ठेवली. नंतर गोंधळ नको.

स्टेन्सिलवर जागा कमी होती, तरी सगळे प्रश्न बसवले. कमलेश म्हणाला, "मॅडम, तुमचा पेपर म्हणजे मोत्याचे दाणे."


२१ एप्रिल

पेपर तपासणी चालू. माझी रीत अशी: एक प्रश्न घ्यायचा आणि बेचाळीस पेपरांत तोच तपासायचा. म्हणजे सगळ्यांना एकच माप लागतं. उत्तरसूची समोर ठेवायची, शेवटची ओळ आधी बघायची. जुळली की गुण, नाही जुळली तर मागे जाऊन पायऱ्या बघायच्या. गुण द्यायचे राहू नयेत आणि जास्त जाऊ नयेत.

चार-ब मध्ये बहुतेकांची वाट लागली. तीस जणांनी साठ लिहिलंय, आकृती न काढता नुसतं सूत्र ठोकलं की येतं ते. पाच जणांनी पाठ करून उणे एकशे वीस आणलं. बाकीच्यांनी प्रश्न सोडला. माघीने सुरेख आकृती काढली, बाण दाखवला, आणि खाली दोनशे चाळीस. सूचीशी जुळत नाही. मागे जाऊन पाहिलं, मुख्य कोनांकाची मर्यादाच पाळलेली नाही. शून्य. मापांकाचे दोन दिले.

एवढी समज असून शेवटच्या पायरीला घसरते. राग आला.


२३ एप्रिल

बेरजा झाल्या. माघीला तेहतीस. दोनदा मोजले, तिसऱ्यांदा कमलेशकडून मोजून घेतले. त्रिकोणमितीत काही नाही. बारा दिवस तिथे गेले.

बाकीच्या विषयांत ती पास आहे.


२६ एप्रिल

निकालाची सभा. गोवर्धन सर म्हणाले, "मॅडम, दोन गुणांचा प्रश्न आहे. अकरावी आहे, ढकला. नापास झाली तर वसतिगृहातली जागा जाते, तुम्हाला नियम माहीत आहे. जागा गेली की अशी पोर परत येत नाही."

मी म्हटलं, "सर, मेहेरबानीने पास झालेली म्हणून ती बारावीत बसली तर तिचं काय होईल ते मी भोगलंय. वर्ष परत करेल, पण ताठ मानेने पुढे जाईल."

"वर्ष परत करायला ती राहणार कुठे?"

"मी रेक्टरबाईंशी बोलेन."

फिजिक्सवाल्यांनी तिघांना चार-चार गुण वाढवून दिले. मी त्यांच्याकडे पाहिलं तर ते खिडकीबाहेर बघायला लागले. मी एकालाही दिला नाही. गणितात सात नापास. सभा संपल्यावर कुणी माझ्याशी चहाला थांबलं नाही. चालायचंच.


३० एप्रिल

निकाल लागला. नापासांना मी पेपर दाखवते, माझा शिरस्ता आहे; मागून कुरकुर नको. सहा जणांनी नुसती बेरीज पाहिली. माघी मात्र चार-ब वर बराच वेळ थांबली. मग पेपर नीट घडी घालून परत दिला. रडली नाही. मला ते आवडलं.


२ मे

दुपारी खोडाळ्याला निघायची तयारी करत होते, दोनची एसटी. दारात माघी. जव्हारला माझी भाड्याची खोली तिला माहीत आहे, एकदा शंका विचारायला आली होती. हातात पुस्तिका, त्यात एका पानात बोट घातलेलं.

मी आधीच सांगून टाकलं, "गुणांचं बोलायला आली असशील तर बोलू नकोस, माघी. माझं मन वळणार नाही आणि तुला वाईट वाटेल."

"नाय बाई, गुणांचं नाय. एक विचारायचं होतं."

"कॉलेज उघडल्यावर विचार. माझी गाडी जाईल."

"बरं," म्हणाली. पायरीवर थोडी थांबली. मी पिशवीची गाठ मारत होते. पुन्हा पाहिलं तेव्हा ती रस्त्याला लागली होती. बहुधा पुस्तिका परत द्यायला आली असावी. ती परत घ्यायची नव्हतीच, मी सगळ्यांना कायमची दिलीय.

गाडी मिळाली. खिडकीची जागाही मिळाली.


९ मे, खोडाळा

आईला निकालाचं बोलण्यात सांगून बसले. ती नागलीच्या भाकरी थापत होती. म्हणाली, "पुष्पे, दोन मार्कं काय तुझ्या कणगीतून जानार व्हती?"

"आई, ती तिची मिळकत असायला हवी."

"मंग तुझी बोर्डाची परीक्षा आली तवा शाळेच्या मास्तरानं तुला आपल्या घरी ठिवलं, दोन म्हैनं जेवू घातलं. ती काय तुझी मिळकत व्हती?"

मी म्हटलं, जेवण आणि गुण यात फरक असतो. आई म्हणाली, असंल, आणि भाकरी उलटली. तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. तरी तेव्हापासून तेच डोक्यात घोळतंय. मी चुकले असं मला वाटत नाही. वाटलं असतं तर लिहिलं असतं.


१४ जून, जव्हार

कॉलेज उघडलं. अकरावी परत करणाऱ्या सात जणांपैकी चार आले. माघी नाही. रेक्टरबाईंशी बोलले, म्हणाल्या, जागा दुसरीला गेली, पण ती आली तर स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत करू काही. आणखी दोन आठवडे वाट बघू म्हणाल्या. मी शब्द पाळला एवढं खरं.


३० जून

नाही आली. तिच्या पाड्यावरची रुपी आठवीत आहे आमच्या शाळेत, तिला विचारलं. ती नुसती लाजून हसली आणि पळाली. या मुलींकडून एक गोष्ट सरळ कळेल तर शपथ.


१२ जुलै

घरी आल्या आल्या लिहायला बसलेय.

नव्या अकरावीसाठी पुस्तिका पुन्हा काढायची होती. जुन्या स्टेन्सिल फाटल्या, म्हणून सकाळी स्टाफरूममध्ये सगळी पानं नव्याने कापायला बसले. तिसऱ्या पानावर आले. हाताने माझंच वाक्य कापत होते: 'नुसता कोनांक मागितला असेल तर कोणताही चालेल.' 'चालेल' चा 'च' झाला आणि हात थांबला.

कपाटातून वार्षिकचा पेपर काढला. चौथा प्रश्न, ब. मापांक व कोनांक काढा. 'मुख्य' कुठेच नाही. मी लिहिलंच नाही. मग उत्तरपत्रिकांचा गठ्ठा सोडला. पेपर वर्षभर ठेवायचा नियम आहे, नाहीतर मला कधी कळलं नसतं. माघीचा पेपर. आकृती, बाण, आणि खाली तिच्या गोल अक्षरात एक ओळ, जी मी एप्रिलमध्ये वाचलीच नव्हती कारण ती उत्तराच्या खाली होती: 'मुख्य मागितला नाही म्हणून हा दिला.'

तिने माझी पुस्तिका वाचली होती. बेचाळिसात तिने एकटीने. मी लिहिली आणि मी वाचली नाही.

तेहतीस आणि दोन, पस्तीस.

सगळे पेपर पुन्हा पाहिले, आणखी कुणावर अन्याय झालाय का म्हणून. नाही झाला. दोनशे चाळीस लिहिणारी ती एकटीच. म्हणजे माझ्या चुकीची किंमत चुकवायला देवाने नेमकी तीच निवडली. देवाने कशाला, मीच निवडली. मला कडक दिसायचं होतं. सभेत सगळ्यांसमोर मी स्वतःची गोष्ट सांगितली, ताठ मान वगैरे. मला लाज वाटते. दुपारचे दोन्ही तास घेतले, काय शिकवलं आठवत नाही.

आणि दोन मे. पुस्तिकेत बोट घालून आली होती.


१३ जुलै

गोवर्धन सरांना सांगितलं. त्यांनी पेपर पाहिला, पुस्तिका पाहिली, चष्मा काढून पुसला. मग दार लोटून घेतलं.

"कुणाला कळलंय?"

"मला."

"मग राहू द्या मॅडम. जुनं उकरून काय मिळणार? तुमचं नाव आहे इथे."

"सर, निकालपत्रक उघडा."

मला वाटलं, आता म्हणतील, मी तेव्हाच सांगितलं होतं. म्हणाले नाहीत. उठून स्वतः निकालपत्रक काढलं. मी लाल शाईने तेहतीस खोडून पस्तीस केले. शेऱ्याच्या रकान्यात काय लिहू विचारलं, तर म्हणाले, फेरमोजणी लिहा. मी 'परीक्षकाची चूक' लिहिलं आणि सही केली. त्यांनी खाली सही केली. कमलेशने नवं गुणपत्रक टाइप करून दिलं. बारावीचे प्रवेश महिनाअखेरपर्यंत आहेत. रेक्टरबाईंकडे जाऊन स्वयंपाकघराशेजारची खोली पक्की केली. रविवारी सूर्यमाळला जाते.


१८ जुलै

खोडाळ्याहून सूर्यमाळची गाडी दरड कोसळल्यामुळे अर्ध्यावरून परतली. पुढे चालत गेले. धुकं इतकं की पाड्यावरची घरं जवळ गेल्यावरच दिसली.

माघीचा बाप नवसू ओट्यावर पावसाचं पानांचं इरलं दुरुस्त करत होता. मला ओळखलं नाही. नाव सांगितलं तर धडपडत उठला, घरातून घोंगडी आणून अंथरली. "बाई, पावसात कशाला आल्या? निरोप धाडायचा."

मी बसले नाही. उभ्यानेच सांगितलं. तुमची मुलगी नापास नव्हती. माझ्या हातून तपासताना चूक झाली. ती पास आहे. हा कागद बघा.

त्याने कागद घेतला, उलटा-सुलटा पाहिला. वाचता येत नाही त्याला. पण बराच वेळ पाहत राहिला.

"पास हाय?"

"हो."

"आधीपास्नंच व्हती?"

"हो."

तो खाली बसला. म्हणाला, "बाई, वैशाखात लगीन लावलं म्या तिचं. वांगणीला दिली. त्या घरचे पाव्हने दोन वर्सं येत व्हते. दोनदा परत धाडले. म्हनलं, पोर शिकतेय, बारावी होऊ द्या. तिसऱ्यानं आले तवा ती निकाल घिऊन आलेली. म्हनली, बा, मी नापास. मंग म्या काय म्हनून परत धाडू? वसतिगृह नाय, कालेज नाय. लग्नाची गानी म्हनाया धवलेरी बोलावली आन् लगीन लावलं." मग म्हणाला, "पास असती तर नसतं लावलं."

आतून तिच्या आईने काळा चहा आणून दिला. ती अजून खंगलेली दिसते. नवसूने कागद पुन्हा घडी करून माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "तिलाच द्या. तिचा हाय." माझ्यावर चिडला असता तर बरं झालं असतं. उलट वाट चुकू नये म्हणून पार डांबरी रस्त्यापर्यंत पोहोचवायला आला, आणि वाटेत एवढंच विचारलं की आता कॉलेजवाले तिला परत घेतील का. मी म्हटलं, घेतील. त्याने पुन्हा एकदा विचारलं. मी पुन्हा म्हटलं, घेतील.


२१ जुलै

आईला पत्र लिहिलं. तीनदा फाडलं. शेवटी तब्येतीची चौकशी केली आणि टाकलं.

बारावीच्या हजेरीपुस्तकात माघीचं नाव शेवटी लिहून घेतलं, पेन्सिलीने. सरांनी विचारलं नाही.


२५ जुलै

वावरपर्यंत एसटी, पुढे वांगणी पायी. ओढ्याला पाणी होतं, एका म्हाताऱ्याने हात धरून पार केलं. लावणीचे दिवस, गावात चिटपाखरू नाही, सगळे शेतात. सहा-सात बायका ओळीने वाकून भात लावत होत्या, डोक्यावर इरली, त्यामुळे कोण कोणती कळेना. मी बांधावरून हाक मारली. मधलं एक इरलं वर झालं.

ती चिखलातून आली. बारीक झालीय. हातात हिरव्या बांगड्या, कोपरापर्यंत चिखल. "बाई, तुम्ही? घसरल्या बिसरल्या असत्या तर?"

वाटेत मी पुष्कळ जुळवाजुळव केली होती. त्यातलं काही आठवलं नाही. म्हटलं, "माघी, तुझं दोनशे चाळीस बरोबर होतं."

तिने बोटांवरचा चिखल निपटला. मला वाटलं तिला आठवत नसेल.

मग म्हणाली, "त्या दिवशी तेच विचारायला आलते. पुस्तिकेत असं लिवलंय आन् पेपरात शून्य, मंग माझं चुकलं कुठं, एवढंच. भांडायला नव्हते आले."

"मला माहीत नव्हतं. मला वाटलं, गुण मागायला..."

"हां. तुम्ही म्हनल्या तसं." मग पदर कमरेला खोचत म्हणाली, "मी गाडीत लई विचार केला. मंग म्हनलं, बाई कशा चुकतील? मीच पुस्तिका नीट वाचली नसंल. घरी गेल्यावर ती पुन्हा उघडलीच नाय."

मी तिथेच रडले. तिच्यासमोर, बांधावर उभी राहून. मला वाटतं एवढ्या वर्षांत माझ्या एकाही विद्यार्थ्याने मला रडताना पाहिलं नसेल. ती गोंधळली. हात पुढे केला, पण चिखलाचा म्हणून मागे घेतला.

मी गुणपत्रक काढलं. तिने ओढ्याच्या पाटात हात धुतले, पदराला कोरडे केले, मगच घेतलं. गणित पस्तीस, शेवटी 'उत्तीर्ण'. ओठ हलवत सगळे विषय वाचले. मी सांगत होते, वसतिगृहात खोली ठेवलीय, शनिवारपर्यंत प्रवेश आहे, तुझ्या सासरच्यांशी मी बोलते, आत्ता बोलते, नवरा कुठे आहे? ती ऐकत होती. मधेच सासूने शेतातून हाक मारली, ओरडून नाही, नुसती, रोपं संपली म्हणून. "आले," ती म्हणाली.

"माघी, काहीतरी बोल."

"सासू बरी हाय, बाई. नवरा बी बरा हाय, डहाणूला बोटीवर जातो, पावसाळ्यात घरीच. आन् इथं मला कुनी नापास म्हनत नाय. पाड्यावर सगळे म्हनत व्हते. परत आले आन् परत नापास झाले, मंग कुठं जाऊ?"

"होणार नाहीस. मी बघेन."

तिने माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता, मी पुष्कळ शोधला.

"तवा बी तुम्हीच बघत व्हत्या, बाई."

मग तिने गुणपत्रक माझ्या हातात परत दिलं. म्हणाली, घरात गळतंय, ओलं होईल, तुमच्याकडंच असू द्या. चहाला थांबा म्हणाली, सासूही म्हणाली. मी थांबले नाही. ती ओळीत आपल्या जागी जाऊन उभी राहिली, जुड्या घेतल्या आणि वाकली. थोड्या वेळाने पुन्हा कोणतं इरलं तिचं ते मला कळेना.

प्रवेश शनिवारी बंद होतात. गुणपत्रक माझ्याकडे आहे.